विश्लेषण : मॅडम वॉकर यांच्या डबीने खरेच केस वाढत होते का?

लोकांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या एका विधवेचे केस गळू लागले. त्यावर उपाय शोधता शोधता ती अमेरिकेतील सर्वात श्रीमंत कृष्णवर्णीय महिलांपैकी एक झाली. मॅडम सी. जे. वॉकर यांची ही कहाणी समाजमाध्यमांवर अनेकदा फिरते. त्यांच्या मलमाच्या डबीत नेमके काय होते, त्याने केस कसे सुधारत होते आणि खराब झालेल्या केसांची घरी काळजी घेताना आज त्यातून काय घ्यायचे, याविषयी…

कोण होत्या सारा ब्रीडलव्ह?

मॅडम वॉकर यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. त्यांचा जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी लुईझियाना राज्यातील डेल्टा या गावी, कापसाच्या मळ्यावरील एका खोपटात झाला. त्यांचे आईवडील, ओवेन आणि मिनर्व्हा, त्याच मळ्यावर गुलाम होते. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, त्यामुळे त्या घरात स्वतंत्र म्हणून जन्माला आलेले पहिले मूल म्हणजे सारा. मात्र, स्वातंत्र्य मिळाले तरी काम तेच राहिले. कापूस पेरायचा, खुरपायचा, वेचायचा आणि वर्षअखेर मळेवाल्याचे देणे फेडायचे.

सारा सात वर्षांच्या होईपर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. थोरली बहीण लुव्हेनिया हिच्यासोबत त्या मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्गला आल्या आणि घरकाम करू लागल्या. मेहुण्याचा जाच होता. त्यातून सुटका म्हणून चौदाव्या वर्षी त्यांनी मोझेस मॅकविल्यम्स यांच्याशी लग्न केले. १८८५ मध्ये मुलगी लेलिया झाली. दोन वर्षांनी पतीचे निधन झाले. विसाव्या वर्षी विधवा झालेल्या सारा लहानग्या मुलीला घेऊन सेंट लुईसला गेल्या. तिथे त्यांचे भाऊ न्हाव्याचा व्यवसाय करत होते. सारा यांनी धुलाईचे काम पत्करले. दिवसाला जेमतेम दीड डॉलर हाती येई. त्यातून मुलीच्या शाळेचा खर्च भागवायचा होता.

त्यांचे केस का गळत होते?

१८९० च्या दशकात सारा यांच्या डोक्यावर जागोजागी केस विरळ होऊन टाळू दिसू लागली. हा त्रास एकट्या त्यांनाच नव्हता. त्यांच्या वस्तीतील अनेक बायका डोक्याला फडके गुंडाळूनच बाहेर पडत. त्यामागची कारणे तेव्हाच्या जगण्यात होती.

घरात नळ नव्हता. पाणी बाहेरून भरून आणायचे आणि चुलीवर तापवायचे, त्यामुळे अनेक घरांत महिन्यातून एखाद्या वेळीच केस धुतले जात. थंडीत तर तेही टळे. टाळूवर घाम, धूळ आणि कोंड्याचे थर साचत. खाज सुटे, खपल्या धरत, काही वेळा जखमा होत. धुवायला असे ते कॉस्टिकचे जहाल साबण. असा अतिक्षारीय साबण केसावरची खवल्यांसारखी संरक्षक आवरणे उचलतो. मग केस खरखरीत होतो, एकमेकांत अडकतो आणि विंचरताना तुटतो. त्यात भर अपुऱ्या आहाराची, ताणाची आणि केस घट्ट ओढून बांधण्याच्या सवयीची.

केस खराब होणे ही आपण एकच तक्रार मानतो, पण त्यात दोन वेगळे प्रकार असतात. पहिल्यात केस मुळाशी, म्हणजे टाळूतच बिघाड होऊन गळतो. दुसऱ्यात मूळ ठीक असते, पण केसाची काडी मध्येच तुटते. सारा आणि त्यांच्या शेजारणींच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी घडत होते.

ॲनी टर्नबो यांची भूमिका काय?

वॉकर यांच्या कहाणीत बऱ्याचदा गाळले जाणारे नाव म्हणजे ॲनी टर्नबो, म्हणजेच पुढच्या ॲनी मलोन. कृष्णवर्णीय महिलांच्या केसांसाठी औषधी मलम तयार करून त्या दारोदार विकत होत्या. १९०२ मध्ये त्यांनी सेंट लुईसमध्ये व्यवसाय आणला. सारा आधी त्यांच्या ग्राहक झाल्या आणि नंतर कमिशनवर माल विकणाऱ्या प्रतिनिधी.

१९०५ मध्ये सारा कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हरला गेल्या. तिथे त्या दिवसा स्वयंपाकीण म्हणून काम करत आणि उरलेल्या वेळात मलम विकत. काही महिन्यांतच त्यांनी स्वतःचे मलम बाजारात आणले. टर्नबो यांनी आपल्या मालाची नक्कल होत असल्याची तक्रार केली, ग्राहकांना सावध केले आणि १९०६ मध्ये आपल्या मालासाठी ‘पोरो’ हे नाव नोंदवून घेतले. दोघींमधली स्पर्धा पुढे वर्षानुवर्षे चालली. दारोदार विक्री, त्यासाठी महिलांना प्रशिक्षण आणि टाळूच्या आरोग्यावर भर ही पद्धत आधी टर्नबो यांची होती. वॉकर यांनी ती अफाट वाढवली.

‘वंडरफुल हेअर ग्रोअर’मध्ये काय होते?

हे मलम कसे सुचले, याची एक कथा स्वतः वॉकर सांगत. स्वप्नात एक धिप्पाड कृष्णवर्णीय पुरुष आला, त्याने मिश्रणाचे घटक सांगितले आणि त्यातला काही माल आफ्रिकेतून मागवावा लागला, अशी ती कथा. जाहिरातीसाठी ती उत्तम होती. प्रत्यक्षातले घटक मात्र त्या काळच्या कोणत्याही औषधविक्रेत्याच्या ओळखीचे होते. पेट्रोलियम जेली, मधमाश्यांचे मेण, खोबरेल तेल, गंधक, थोडे मोरचूद आणि गंधकाचा वास झाकण्यासाठी व्हायोलेट फुलांचा सुगंध. त्वचेच्या विकारांवर गंधकाचे मलम लावण्याची पद्धत तर त्याहून कितीतरी जुनी होती.

या घटकांचे काम समजून घेण्यासारखे आहे. गंधक टाळूवरच्या मृत त्वचेचे थर मोकळे करते आणि बुरशीला काही प्रमाणात आवर घालते. पेट्रोलियम जेली आणि मेण खपल्या मऊ करतात, टाळूतला ओलावा टिकवतात. खोबरेल तेल केसाला वंगण देते, त्यामुळे विंचरताना घर्षण कमी होते. यातला एकही घटक केसाच्या मुळाला नवा केस उगवण्याचा हुकूम देत नाही.

मग केस वाढत होते ते कसे?

याचे उत्तर डबीपेक्षा डबी वापरण्याच्या पद्धतीत आहे. वॉकर यांच्या प्रतिनिधी नुसते मलम विकून निघून जात नसत. आधी ग्राहक महिलेचे केस शाम्पूने स्वच्छ धुवायचे, टाळूवरचा कोंडा सोडवायचा, मग बोटांनी मलम चोळायचे आणि शेवटी हलके तेल लावून केस विंचरायचे, असा क्रम ठरलेला होता. त्यासाठी मलमाबरोबर वनस्पतींचा शाम्पू आणि ‘ग्लॉसिन’ नावाचे तेलही कंपनी विकत असे. केस वरचेवर धुवा, असा आग्रह प्रतिनिधी धरत. महिन्यातून एकदा केस धुणाऱ्या बाईसाठी हा बदलच मोठा उपचार होता.

टाळूची सूज आणि संसर्ग कमी झाला की दबलेली मुळे पुन्हा नेहमीसारखे काम करू लागतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे सहा महिन्यांत सहा सेंटिमीटर. पूर्वीही केस वाढतच होते, पण जेवढे वाढत तेवढेच तुटून जात. धुण्याची पद्धत सुधारली, तेलाने घर्षण कमी झाले, तुटणे थांबले आणि वाढलेली लांबी डोक्यावर टिकू लागली. पाहणाऱ्याला तो चमत्कार वाटला. मात्र मूळच नष्ट होऊन तिथे व्रण पडला असेल, किंवा टक्कल आनुवंशिक असेल, तर अशा मलमाने केस येत नाहीत. नावातला ‘ग्रोअर’ हा शब्द त्यामुळे अर्धाच खरा होता.

‘मॅडम’ हे नाव कशासाठी?

जानेवारी १९०६ मध्ये सारा यांनी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केले. वृत्तपत्रांसाठी जाहिराती मिळवण्याच्या कामाचा त्यांना अनुभव होता. पतीचे नाव घेऊन त्या मॅडम सी. जे. वॉकर झाल्या. ‘मॅडम’ या शब्दाला तेव्हाच्या सौंदर्यव्यवसायात फ्रेंच झळाळी होती, हे एक कारण. पण त्या नावाला आणखी एक धार होती. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक कृष्णवर्णीय बाईला, ती कितीही वयाची असो, पहिल्या नावानेच हाक मारत. डबीवर पहिले नाव नव्हतेच. तिच्याकडून काही घ्यायचे तर ‘मॅडम’ म्हणणे भाग होते. डबीवर छायाचित्रही त्यांचे स्वतःचेच होते. उपचारापूर्वीचे आणि नंतरचे केस दाखवणाऱ्या जाहिरातींतही त्या स्वतःच दिसत.

डबीतून रोजगार कसा उभा राहिला?

१९०६ नंतर पतिपत्नीने गावोगाव फिरून चर्च आणि महिला मंडळांत प्रात्यक्षिके दिली. १९०८ मध्ये पिट्सबर्गला मुलीच्या नावाने ‘लेलिया कॉलेज’ सुरू झाले. तिथे केसांच्या निगेचे प्रशिक्षण मिळे. १९१० मध्ये रेल्वेच्या सोयीच्या इंडियानापोलिसमध्ये कारखाना उभारून कंपनीचे मुख्यालय तिथे हलवण्यात आले. चार्ल्स वॉकर यांच्याशी त्यांचा घटस्फोट १९१२ मध्ये झाला; नाव मात्र त्यांनी कायम ठेवले. पुढच्या वर्षी त्या जमैका, क्युबा, हैती, कोस्टारिका आणि पनामाच्या दौऱ्यावर गेल्या आणि व्यवसाय अमेरिकेबाहेर पोहोचला.

पन्नास सेंटची एक डबी. ती विकणाऱ्या प्रतिनिधीचा पांढरा सदरा, काळा लांब झगा आणि हातात काळी पेटी. तेव्हाच्या बहुसंख्य कृष्णवर्णीय महिलांसमोर धुणी, भांडी, स्वयंपाक किंवा शेतमजुरी एवढेच पर्याय होते. या कामात कमाई त्याहून बरीच जास्त होती आणि मालकिणीच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. कंपनीने हजारो महिलांना प्रशिक्षण दिले. १९१७ मध्ये या प्रतिनिधींची परिषद फिलाडेल्फियात भरली. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांसोबतच समाजासाठी सर्वाधिक देणगी जमवणाऱ्या प्रतिनिधींनाही तिथे बक्षिसे देण्यात आली.

त्यांच्या धंद्याकडे तुच्छतेने पाहणारेही होते. कृष्णवर्णीय समाजाचे मोठे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना केसांचा व्यवसाय फारसा मानाचा वाटत नसे. १९१२ मध्ये शिकागो येथे त्यांच्या उद्योजक संघटनेचे अधिवेशन झाले, तेव्हा वॉकर यांना बोलू दिले गेले नाही. अखेरच्या दिवशी त्या जागेवरून उठल्या आणि कापसाच्या मळ्यापासून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास त्यांनी सभागृहाला ऐकवला. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात त्या निमंत्रित वक्त्या होत्या.

गरम फणीचा शोध त्यांनी लावला का?

नाही. केस सरळ करणारी तापवलेली लोखंडी फणी त्यांच्या आधीपासून वापरात होती. वॉकर यांच्या पद्धतीत ती आली, तिचा प्रसार झाला, पण शोध त्यांचा नव्हता. आपण केस सरळ करण्याचा धंदा करतो, असे कोणी म्हटलेले त्यांना आवडत नसे. आपले काम टाळू निरोगी ठेवून केस वाढवण्याचे आहे, यावर त्या ठाम होत्या. गोऱ्यांसारखे सरळ केस म्हणजेच सौंदर्य, या कल्पनेला या पद्धतीने खतपाणी घातले, ही टीका त्यांच्या हयातीतही झाली आणि आजही होते. ती पूर्णपणे टाळता येणार नाही. त्वचा उजळ करणारी उत्पादने मात्र त्यांनी विकली नाहीत. कंपनीने तसे उत्पादन आणले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

पैसा कुठे गेला?

१९११ मध्ये इंडियानापोलिसमधील कृष्णवर्णीयांच्या वायएमसीए इमारतीसाठी त्यांनी १ हजार डॉलर जाहीर केले, तेव्हा एका कृष्णवर्णीय महिलेकडून एवढी देणगी ही बातमी ठरली. १९१७ मध्ये ईस्ट सेंट लुईसमधील वांशिक हिंसाचारानंतर झुंडबळींविरोधात कायदा व्हावा, अशी मागणी घेऊन व्हाइट हाऊसमध्ये गेलेल्या शिष्टमंडळात त्या होत्या. अध्यक्ष वुड्रो विल्सन त्यांना भेटले नाहीत. १९१९ मध्ये याच लढ्यासाठी त्यांनी एनएएसीपी संघटनेला ५ हजार डॉलर देण्याचे जाहीर केले.

न्यूयॉर्कजवळ अर्व्हिंग्टन येथे हडसन नदीकाठी १९१८ मध्ये त्यांची ‘व्हिला लेवारो’ ही हवेली पूर्ण झाली. तिचा आराखडा कृष्णवर्णीय वास्तुरचनाकार व्हर्टनर टँडी यांनी केला होता. तिथे राहण्याचे सुख मात्र जेमतेम वर्षभर लाभले. उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या विकाराने २५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतःच्या कमाईवर दशलक्षाधीश झालेली अमेरिकेतील पहिली महिला, असा त्यांचा उल्लेख होतो. प्रत्यक्षात त्यांच्या मागे राहिलेली मालमत्ता सुमारे ६ लाख डॉलरची होती. कंपनीच्या पुढील नफ्याचा दोन तृतीयांश वाटा त्यांनी मृत्युपत्राद्वारे समाजकार्यासाठी ठेवला.

त्यांच्या पद्धतीतून आज काय घ्यावे?

क्रम तोच ठेवावा : आधी टाळू, मग केस. टाळूवर कोंडा, खाज किंवा चिकटपणा असेल तर कोणताही पौष्टिक लेप लावण्याआधी तो बरा करणे महत्त्वाचे. त्यासाठी आज गंधकाचे मलम घरी कालवण्याची गरज नाही. कोंड्यावर चालणारे कीटोकोनॅझोलसारखे औषधी शाम्पू औषध दुकानांत मिळतात. आपल्याकडे कोंडा दिसला की भरपूर तेल चोपडून रात्रभर ठेवण्याची सवय आहे. कोंड्याशी संबंधित बुरशी त्वचेवरच्या तेलकट घटकांवरच जगते, त्यामुळे कोंडा असताना टाळू तेलात बुडवून ठेवू नये.

केसाची काडी मात्र मृत प्रथिनाची, केराटिनची, बनलेली असते. फाटे फुटलेला केस कोणत्याही उपचाराने पुन्हा जोडला जात नाही. तो कापावा लागतो. उरलेला केस तुटू न देणे आपल्या हातात असते. इथे वॉकर यांच्या डबीतले खोबरेल तेल उपयोगी पडते. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. केसातून होणारी प्रथिनांची गळती यांपैकी फक्त खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाली. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हे लक्षात ठेवूनच निष्कर्ष वाचावा. मात्र या तेलातील घटक केसाच्या आत शिरू शकतात, हे त्यामागचे कारण आहे. म्हणून न्हाण्याआधी अर्धा-एक तास केसांच्या लांबीला, विशेषतः टोकांना, हे तेल लावावे.

अंड्याचा लेप लावल्याने केसांना प्रथिने मिळतात, हा समज बरोबर नाही. अंड्यातील प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याइतके लहान नसतात. दर वेळी शाम्पूनंतर कंडिशनर लावणे, ओले केस रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवत जाणे, ओल्या केसांवर गरम उपकरण न चालवणे आणि रोज घट्ट वेणी किंवा अंबाडा न घालणे, या गोष्टी कोणत्याही लेपापेक्षा जास्त केस वाचवतात. लिंबू, खाण्याचा सोडा यांचे प्रयोग टाळावेत. सोडा क्षारीय असतो. जुन्या कॉस्टिक साबणाने जे केले, तेच तो सौम्य प्रमाणात करतो.

घरगुती उपाय कुठे थांबवावेत?

दिवसाला ५० ते १०० केस गळणे सामान्य आहे. बाळंतपण, मोठा ताप किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळतात आणि बहुतेक वेळा आपोआप भरून येतात. पण डोक्यावर गोल चकत्या पडत असतील, टाळूला वेदना, पू किंवा गुळगुळीत व्रण दिसत असेल, भांग रुंदावत असेल किंवा केसांबरोबर थकवाही जाणवत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यामागे रक्तातील लोहाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार असू शकतो. व्रण पाडणाऱ्या केसगळतीत तर उशीर झाला तर गेलेले मूळ परत येत नाही.

सारा ब्रीडलव्ह यांच्या वस्तीत दाखवायला असा डॉक्टर नव्हता, तपासणीची सोय नव्हती आणि घरात नळही नव्हता. त्यामुळे स्वच्छ धुतलेली टाळू आणि पन्नास सेंटची डबी हाच त्यांचा दवाखाना होता. आज नळ आहे, तपासणी आहे आणि डब्या तर हजारो आहेत. त्यातली कोणतीही निवडली तरी धुण्याची शिस्त आणि किमान सहा महिन्यांचा धीर या दोन गोष्टी डबीत मिळत नाहीत.